एक जण वर, एक जण खाली

दिंडोरी
१८ जानेवारी २०२६

सईचे पप्पा,

पत्र बघून घाबरू नका, घरी सगळे ठीक आहेत. आईंचा गुडघा थंडीने धरला आहे तेवढंच. सई शाळेत जाते.

सात महिन्यांनी लिहितेय, तेही गाडीसाठी. पिकअप आता मी चालवते. तुम्ही आत गेल्यापासून ती शेडमध्ये उभीच होती, उंदरांनी सीट कुरतडली होती. दिवाळीनंतर नवी बॅटरी टाकली, शिकले, लायसन्स काढलं. सकाळी द्राक्षतोडीच्या बायकांना बागेवर सोडते आणि दुपारी क्रेट घेऊन नाशिकला जाते.

गेल्या पंधरवड्यापासून स्टेअरिंगमध्ये आवाज येतो. वळवलं की खट. सिंधुबाई माझ्या शेजारी बसतात, त्या म्हणाल्या, "तेजू, गाडी कायतरी बोलती हाय बरं का." ओमच्या गॅरेजला दाखवली. तो म्हणाला, जुनी गाडी आहे, वाजणारच. मला ते पटत नाही. मागे आठ-दहा बायका बसलेल्या असतात. या गाडीचा नट न् नट तुम्हाला माहीत आहे, म्हणून विचारते.

फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की विचारायचं ते राहून जातं. पत्रात लिहा आणि फक्त गाडीचं लिहा.

तेजस्विनी


नाशिकरोड कारागृह
२४ जानेवारी

तेजू,

मी इथे सुतारकामाला असतो. रंधा मारत होतो तेव्हा शिपायाने पत्र दिलं. पाकिटावरचं अक्षर बघून रंधा खाली ठेवला.

फक्त गाडीचं लिही म्हणालीस, तर तेवढंच लिहितो.

आधी मला हे कळव. गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवलं तर आवाज येतो का? की चालतानाच येतो? खड्ड्यात, गतिरोधकावर गेल्यावर येतो, पण स्टेअरिंग सरळ धरलेलं असतं, असं असेल तर दोष खालच्या सस्पेन्शनमध्ये असू शकतो. उभ्या गाडीत येत असेल तर गोष्ट वेगळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो खटका नुसता ऐकू येतो की हाताला पण लागतो? डोळे मिटून बघ. म्हणजे उभ्या गाडीत. चालवताना मिटू नकोस.

ओमचं ऐकू नकोस. जुनी गाडी वाजते, पण कुठे वाजते ते कळायला पाहिजे.

तू गाडी चालवतेस हे डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करतो. सीट पुढे ओढून घेतली असशील. क्लच दाबताना ओठ दाबत असशील, सुईत दोरा ओवताना दाबतेस तसे. हेही गाडीचंच आहे.

कुंदन


दिंडोरी
१ फेब्रुवारी

सईचे पप्पा,

उभ्या गाडीत येतो. डावीकडे फिरवलं की एकदा खट, परत आणलं की एकदा खट. हाताला लागतो. डोळे मिटून बघितलं. कुणीतरी आतून स्टेअरिंगवर टिचकी मारावी तसं वाटतं.

तुमचं पत्र यायच्या आत ओमने टाय रॉडचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याचे, दोन्ही एंड बदलून टाकले. म्हणाला, आता शांत. गॅरेजच्या दारातून बाहेर वळवली आणि खट. पहिल्यापेक्षा मोठा. मी तशीच मागे घेतली तर तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला भास होतोय."

तुम्ही ओठांचं लिहिलंत. मी सांगितलं होतं, फक्त गाडीचं. आता मीही एकदाच गाडी सोडून लिहिते.

मी भेटायला का येत नाही हे तुम्ही एका शब्दाने विचारलं नाही. जूनमध्ये मी जाळीपुढे बसले होते आणि तुम्ही म्हणालात, "शेखरनेच उकरून काढलं." शेखर माझा पाठचा भाऊ आहे. त्याच्या सोयरिकीची माणसं चौकशीला आली तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत की पोरगा पितो. कुणाच्या तरी हळदीत एकदा प्यायलेला बघितला होतात तेवढ्यावर. लग्न मोडलं. तो जाब विचारायला आला, बोलू नये ते बोलला हे खरं. पण हात तुम्ही उचललात, तोही चाक खोलायची लोखंडाची टॉमी घेऊन. त्याचं उजवं कोपर आजही सरळ होत नाही. अंबडच्या कारखान्यात लेथवर होता, ते काम गेलं. हरसूलला घरी असतो. माझ्याशी बोलत नाही, कारण मी तुमची बायको आहे. आणि तुमच्यासमोर बसले की मला मी त्याची बहीण आहे एवढंच आठवतं.

आता गाडीचं पुढे काय करायचं ते कळवा.

तेजस्विनी


नाशिकरोड
७ फेब्रुवारी

तेजू,

शेखरचं वाचलं. चार वेळा वाचलं. तरी गाडीचंच लिहितो. रागावू नकोस.

हाताला लागतो म्हणजे स्टेअरिंगपासून खाली जाणाऱ्या जोडणीत कुठेतरी सांधा ढिला आहे. कुठला ते एकट्याने कळत नाही. कान फसवतो. लोखंडातून आवाज पुढे सरकतो, वाजतं एकीकडे आणि ऐकू दुसरीकडून येतं. त्याला दोन माणसं लागतात. एक जण वर, एक जण खाली.

गाडी सपाट जागी लाव. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. जॅक लावायचा नाही, गाडी चारही चाकांवर. वरच्याने स्टेअरिंग थोडंसंच हलवायचं, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे, सारखं. खालच्याने एकेका सांध्यावर तळहात ठेवत जायचं. जो सांधा खराब आहे तो हातात ठोका देतो. नाडी बघतात तसं. चाकाकडून सुरुवात करून वर वर जा.

खाली तू जा. हात तुझा चांगला आहे. वर असा माणूस बसव की जो घाई करणार नाही आणि तू थांब म्हटलं की थांबेल. खालच्याचा हात आत असतो.

दोष सापडेपर्यंत मागे बायका बसवू नकोस. रिकामीही लांब नेऊ नकोस.

इथे रात्री लोक झोपेत बोलतात. मी झोपेत गिअर टाकतो म्हणे.

कुंदन


दिंडोरी
१४ फेब्रुवारी

सईचे पप्पा,

घाईत लिहिते. वर बसायला माणूस मिळाला आहे. हात हलका आहे आणि सांगितलेलं ऐकतो. काल आम्ही दोघांनी बघितलं. चाकांकडचे सांधे ठीक आहेत. पुढे जायच्या आत अंधार पडला, हात दिसेना. पुढच्या रविवारी तो दिंडोरीला येणार आहे, तेव्हा उरलेलं बघू.

गाडी तोवर कमी चालवते. बायकांना खंडेरावांच्या ट्रॅक्टरवरून पाठवते.

कोण माणूस ते नंतर लिहीन.

तेजस्विनी


नाशिकरोड
२० फेब्रुवारी

तेजस्विनी,

नंतर का? नाव लिहायला कितीशी शाई लागते?

हात हलका आहे म्हणतेस. अंधार पडेपर्यंत त्याच्याबरोबर होतीस म्हणतेस. त्या दिवशी दिंडोरीत नव्हतात, कारण दिंडोरीला तो आता येणार आहे. मग कुठे होतात? आईला माहीत आहे का? सई कुठे होती?

मी इथे चार भिंतींत आहे, मला काय दिसतंय. दीड वर्ष झालं. कुणी तुला म्हणालं असेल, किती दिवस वाट बघणार. बरोबरच आहे. गाडी दुरुस्त करायला माणूस सापडला, उद्या बाकीच्यालाही सापडेल.

मला दोष कळवायची गरज नाही.

कुंदन


दिंडोरी
१५ मार्च

सईचे पप्पा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं. वीस दिवस उत्तर दिलं नाही. आज देते, कारण लिहिलं नाही तर तुम्ही तेच घोकत बसाल.

तो माणूस शेखर होता.

झालं ते असं. माझ्या आईला बरं नाही म्हणून हरसूलला गेले होते. अंगणात गाडी मागे घेत होते, स्टेअरिंग वळवलं आणि खट. शेखर ओट्यावर बसला होता. दीड वर्षात मी आले की तो उठून आत जायचा. त्या दिवशी उठला आणि सरळ गाडीपाशी आला. काचेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, बंद कर. हा आवाज चांगला नाय."

एवढंच. बारा वर्षं लेथवर होता, त्याला लोखंडाचं कळतं.

मी तुमचं पत्र पर्समधून काढून त्याला वाचून दाखवलं. फक्त गाडीचा भाग. एक जण वर, एक जण खाली. तो म्हणाला, "बरोबर लिहिलंय." मग वर चढून बसला. ज्या गाडीपाशी त्याचा हात मोडला त्या गाडीत. मी खाली गेले ते बरं झालं, त्याने माझं तोंड बघितलं नाही.

रविवारी तो एसटीने इथे आला. तुमच्या आई दारात होत्या. त्यांनी त्याला बघितलं आणि आत गेल्या. मला वाटलं दार लावून घेतील. त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्याने डाव्या हाताने घेतला, तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला.

मी पोत्यावर आडवी झाले. तो डाव्या हाताने हलवत होता.

"सांग, ताई."

"हलव अजून."

"लागतंय काय?"

"नाही. चालू ठेव."

एकेक सांधा करत वर गेले. स्टेअरिंगचा दांडा खाली उतरून जिथे क्रॉसला, त्या वळत्या सांध्याला, जोडतो तिथे तळहात ठेवला आणि ठोका बसला. मी ओरडले, "थांब!" तो तिथल्या तिथे थांबला. तो सांधा दांड्याला आवळून धरणारा बोल्ट मी चाचपला. तो बोटांनी फिरला. पाना लागलाच नाही. दोन-तीन आटे शिल्लक होते.

शेखर खाली आला, माझ्या शेजारी पाठ टेकून आडवा झाला आणि स्वतःच्या बोटांनी तो बोल्ट फिरवून बघितला.  मग म्हणाला, "त्या दिवशी तू ही गाडी घेऊन हरसूलचा घाट उतरलीस?"

"हो."

"हा निघाला असता तर स्टेअरिंग नुसतं हातात फिरलं असतं, ताई. चाकं गेली असती त्यांच्या वाटेने." मग त्याने किल्ली मागितली आणि खिशात घालून घेऊन गेला. क्रॉसच्या आतले दाते झिजले होते. नाशिकहून नवा क्रॉस, नवा बोल्ट त्यानेच आणला आणि ओमच्या उरावर बसून बसवून घेतला. पान्याचा शेवटचा पीळ स्वतः दिला, डाव्या हाताने, दात आवळून. आवाज गेला आहे.

आता तुमच्या पत्राचं. तुम्ही लिहिलंत ते मी विसरणार नाही. त्याचं नाव आधी लिहिलं नाही, कारण तुम्ही "तो कशाला" म्हणालात तर मला सहन झालं नसतं. दुसरा काही अर्थ निघेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुम्ही विचारता मी कुठे असते. क्रेट उतरवले की कधी कधी मी नाशिकरोडला येते. तीनदा आले. तुमच्या भिंतीसमोरच्या रस्त्यावर गाडी लावते. अर्धा तास बसते आणि परत जाते. आत यायला पाय उचलत नाही. गाडी पहिल्यांदा चालू केली तेव्हा आतला आरसा तुमच्या उंचीला लावलेला होता. मला त्यात मागचा रस्ता दिसतच नव्हता, नुसतं आभाळ दिसायचं. तरी दोन दिवस मी तो हलवला नाही.

मला तुमच्याकडून आता एकच पत्र पाहिजे. ते मला लिहू नका. शेखरला लिहा.

तेजू


नाशिकरोड
२१ मार्च

शेखर,

तुझ्या ताईने सांगितलं म्हणून लिहितोय असं नाही. तिने सांगितलं म्हणून सुरुवात झाली. आतापर्यंत तीन कागद फाडले.

तो बोल्ट कसा ढिला राहिला ते तुला सांगायला पाहिजे. ताईला कळलेलं नाही, मलाही तिचं पत्र वाचेपर्यंत आठवलं नव्हतं. तू त्या दिवशी आलास तेव्हा मी गाडीखाली होतो. स्टेअरिंगचा दांडा ग्रीस करायला काढला होता आणि परत बसवत होतो. बोल्ट हाताने चार आटे फिरवला होता, पाना लावलाच होता. तू हाक मारलीस. मी बाहेर आलो, तो तसाच राहिला. पुढे जे झालं ते झालं, पोलीस आले, गाडी शेडमध्ये गेली.

म्हणजे तुझा हात मोडला त्याच घटकेला मी माझ्या बायकोच्या हातात असली गाडी ठेवून गेलो. आणि तूच ती थांबवलीस.

अजून एक आहे. हे मी कोर्टात सांगितलं नाही, तेजूलाही नाही. मी म्हणालो, रागाच्या भरात हातात होतं ते मारलं. ते खोटं आहे. माझ्या हातात चौदाचा छोटा पाना होता. तो मी बोनेटवर ठेवला. मग वाकून टॉमी उचलली. तेवढ्यात मला थांबता आलं असतं. तू तेव्हा मागे सरकला होतास, हेही मी बघितलं होतं. दीड वर्ष मी सगळ्यांना सांगतो की तू उकरून काढलंस. तू फक्त बोलला होतास. आणि तुझ्याबद्दल त्या लोकांना मी जे सांगितलं ते बढाई मारायला सांगितलं. जावई माणूस, घरातलं सगळं मला ठाऊक, एवढं दाखवायला. तू पिणारा नाहीस हे मला तेव्हाही माहीत होतं.

माफ कर असं लिहिणार नाही. तू काही द्यावंस म्हणून हे पत्र नाही. इथे सुतारकामात रंधा धरतो तेव्हा उजवं कोपर किती वेळा सरळ होतं ते मोजतो. पहिल्या दिवशी मोजलं आणि अर्ध्यातच सोडून दिलं. आता रोज मोजतो.

ताईला हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव.

कुंदन


हरसूल
५ एप्रिल

दाजी,

डाव्या हाताने लिहितो, अक्षर लागलं नाही तर सोडून द्या.

पत्र ताईला दाखवलं. तिने गाडीत बसून वाचलं, काचा वर करून.  उतरल्यावर म्हणाली, "पाना ठेवला होता." एवढंच म्हणाली. 

मला वाटायचं तुम्ही कधी खरं बोललात तर माझ्या मनातलं ओझं उतरेल. पत्र वाचलं, तसं काही झालं नाही. कोपर दुखतंच. रागही आहे. फक्त एक झालं. मी मागे सरकलो होतो हे मला वाटायचं माझं मलाच माहीत. लोक म्हणायचे, तू अंगावर गेला असशील. आईसुद्धा म्हणायची. मग मलाही वाटायला लागलं होतं की गेलो असेन. तुम्ही लिहिलंत तेव्हा कळलं, मी खरंच मागे सरकलो होतो. ते पान मी आईला वाचून दाखवलं.

अंबडला परत गेलो होतो. लेथ नाही, तपासणीवर घेतो म्हणाले, माप बघायचं काम. एका हाताने होतं. पुढच्या महिन्यापासून जातो.

ताई तुमच्या भिंतीपाशी येऊन थांबते हे तिने मला आत्ता सांगितलं. मी तिला म्हणालो, असं रस्त्यावर बसून काय उपयोग, जायचं तर आत जा. ती म्हणाली, एकटीने होत नाही. तिने असं कधी कशालाच म्हटलेलं नाही. गाडीखाली सुद्धा न कचरता गेली.

येत्या गुरुवारी घेऊन येतो. चालवणार तीच. सईला या वेळी आणत नाही, आधी तुम्ही दोघं बोला. मी आत येईन का ते माझं ठरलेलं नाही. गाडीतच थांबेन बहुतेक. आलो नाही तर ताईला त्यावरून विचारू नका.

भेटीसाठी नावं आधी द्यावी लागतात म्हणून काल अर्ज भरला. ताईच्या नावाखाली एक ओळ रिकामी होती. तिथे माझं नाव लिहून ठेवलंय.

शेखर